मागच्या सीटवरून

सुनेच्या पाहुणघरात आजही तोच वाद.
योरिस म्हणतो लँड रोव्हर, लोथार म्हणतो लँड क्रूझर.
टेबलावर नकाशा, नकाशावर माझी किटली,
किटलीभोवती गिअरबॉक्स, स्प्रिंगा, पोटाखालची उंची
सेंटिमीटरमध्ये.
मुर्गाबचा उन्हाळा असाच जातो.
मला कुणी विचारत नाही. बरोबर आहे,
मला गाडी चालवता येत नाही.

मी नुसती बसलेय. एकतीस वर्षं, मागे,
मांडीवर औषधांची पत्र्याची पेटी घेऊन:
रंगकूल, अलिचूर, शायमाक,
जिथे कुणाला कळा लागल्या तिथे.
एरवी बाई गाडीचा रंग बघेल.
नववा भरलेली बाई
पायरी बघते.

तोक्तोबेकच्या रशियन उआझला पायरीच नव्हती.
त्याने छावणीतून काडतुसांची रिकामी पेटी आणली,
तिच्यावर पाय देऊन अख्ख्या जिल्ह्यातल्या बाया चढल्या.
हीटर होता. तो ड्रायव्हरची एक पोटरी भाजायचा,
बाकीच्यांना जानेवारी.
पण सीट रेक्झिनची,
एक बादली गरम पाणी ओतलं की झालं,
पुढच्या बाईला मागची बाई दिसत नसे.

अब्दिल्लाची लँड क्रूझर नऊ याक विकून आलेली.
आत करडं मखमल.
तो आधी प्लॅस्टिक अंथरायचा, मग नमदा, मग पुन्हा प्लॅस्टिक,
आणि आरशातून माझ्याकडे नाही,
सीटकडे बघायचा.
तरी खरं ते सांगते,
त्या गाडीत मला नाडी मोजता यायची.
उआझमध्ये हात बाईच्या मनगटावर असायचा
आणि आकडे इंजिनाचे.

लँड रोव्हरमध्ये एकदाच बसले.
अक-बैतालच्या घाटाखाली, सप्टेंबर, वारा,
आमची उआझ चाक मोडून आडवी, आत सायरागुल
दातात माझी ओढणी धरून.
ते दोघं परदेशी थांबले. मागचं दार उघडलं तर
फ्रीज, तंबू, पाण्याच्या टाक्या, दोन शेगड्या, भांडी.
माणूस ठेवायला वीतभर जागा नाही.
त्यातली मुलगी काही न बोलता सामान फेकू लागली.
रस्त्यावर एक अख्खं स्वयंपाकघर मांडून आम्ही निघालो.
छताच्या ॲल्युमिनियमवर आमचे श्वास गोठायचे, वितळायचे,
आणि थेंब नेमका सायरागुलच्या कपाळावर.
ती शिव्या देत होती किरगीझमध्ये,
तो मुलगा प्रत्येक शिवीला म्हणायचा, थँक यू.

दुसऱ्या दिवशी सामान जिथल्या तिथे होतं.
एक घडीची खुर्ची तेवढी वाऱ्याने नेली.
दोन वर्षांनी रंगकूलला एक मेंढपाळ दिसला
तिच्यावर बसलेला.

कराकूलची ती फेब्रुवारीची रात्र
मी या टेबलावर आणणार नाही.
गाडीचा दोष नव्हता.
डिझेल मेणासारखं धरलं.
अब्दिल्लाने टाकीखाली तेरेस्केनची झुडपं पेटवली,
सहा तास फुंकत राहिला,
भुवया जळाल्या त्याच्या.
मखमलावर काय सांडलं
ते त्याने तेव्हा आरशातून पाहिलं नाही.
वसंतात तो गाडी विकायला ओशच्या बाजारात गेला
आणि तशीच परत घेऊन आला.
का, ते मी विचारलं नाही. अजूनही चालवतो.

आता लोथारने नकाशाची घडी घातलीय अर्धी,
आणि गंमत म्हणून सुनेकरवी मला विचारतोय,
आजी, तुम्ही कोणती घ्याल?

मी विचारते, मागे आडवं होता येतं?

हो, हो, तो म्हणतो, खूश होऊन,
बारा सेंटिमीटरची गादी आहे, फुगवायची.
योरिस म्हणतो, माझी पंधरा.

मी किटली उचलते.